पेटीतील पत्रे

आपले किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडास जोडले गेले. कागदावर जिल्हा एका दिवसात बदलतो, घर मात्र हळूहळू बदलते.

आमच्या आजोबांचे शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झाले. सरकारी कामकाज त्याच भाषेत चाले; १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. चाकरी करू इच्छिणाऱ्यास दुसरा मार्ग कोठला? घरी ते मराठी बोलत, बाजारात तेलुगूने निभावून नेत, परंतु भावाशी पत्रव्यवहार उर्दूत करीत. वडील मराठीत शिकले. आमची मुले इंग्रजी शाळेत जातात.

आजोबांच्या पश्चात त्यांची लाकडी पेटी उघडली, तो आत पत्रांचा गठ्ठा! आम्हां पदवीधरांस एका अक्षराचाही बोध होईना. आजी निरक्षर, ती म्हणाली, “ते वाचून मराठीत सांगत, तेव्हा मला सारे कळे.” आणि कोणत्या पत्रात बहिणीचे लग्न, कोणत्यात दुष्काळ, हे ती कागदाच्या रंगावरून सांगू लागली. आमच्या माना खाली गेल्या.

यंदा माझी पुतणी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे अलिफ, बे गिरवू लागली आहे. संध्याकाळी आजी पेटी घेऊन तिच्याजवळ बसते.