गिअरची सायकल साधी करताना: आधी खाच पाहा, मग भाव सांगा

अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगारांची १० हजार घरे झाली, २०२४ मध्ये रे नगरची १५ हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली. तेथून सायकलने शहरात येणाऱ्याची चेन वाटेत उतरली तर त्याचा खाडा पडतो. म्हणूनच जुनी गिअरची सायकल घेऊन "एवढी साधी करून द्या" म्हणणारे गिऱ्हाईक दुकानात येते. काम चांगले आहे. पण सायकल खोलण्याआधी तपासणी करावी, असे आम्ही कारागीर बांधवांना सांगू इच्छितो.

पहिली तपासणी खाचेची. मागचा एक्सल बसतो ती खाच आडवी किंवा तिरपी असेल, तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर चाक सरकत नाही. अशा वेळी जुना मागचा डिरेलर तार काढून, त्याच्या स्क्रूने एका जागी पक्का करून, चेन ताणण्यासाठीच ठेवावा. कानस घेऊन खाच वाढवू नये. फ्रेम कमजोर होते.

दुसरी तपासणी फ्रीव्हीलची. स्वस्त सायकलींत गिअरचा संच बहुधा हबच्या आट्यांवर बसवलेला असतो. तो योग्य खाचांच्या पुलरनेच काढावा, छिन्नी-हातोड्याने नव्हे. त्याच आट्यांवर सहसा १८ दात्यांचे साधे फ्रीव्हील बसते. त्याचे दाते जाड असल्याने साधी रुंद चेनच घालावी. गिअरची बारीक चेन त्यावर नीट बसत नाही.

खरे कौशल्य चेनच्या सरळ रेषेत आहे. पुढचे चक्र आणि मागचे फ्रीव्हील एका रेषेत हवे. फ्रीव्हील आत पडत असेल तर एक्सलवरील उजवीकडचे वायसर डावीकडे घ्यावेत. एकूण रुंदी तीच ठेवावी. मग रिम उजवीकडे सरकते. डावे स्पोक आवळून व उजवे सैल करून ती मध्यावर आणावी. हे टाळले तर चेन कुरकुरते आणि भर चौकात उतरते.

दात्यांचा हिशेब गिऱ्हाइकासमोर करावा. २६ इंची चाकाला पुढे ३४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ३.९ मीटर जाते. पुढे ४२ असतील तर ४.८ मीटर. पहिली जोडी ओझे नेणाऱ्या फेरीवाल्याला, दुसरी सपाट रस्त्याने कामावर जाणाऱ्याला. चढावर पूर्वीइतके हलके चालणार नाही, हेही आधीच सांगावे.

शेवटी मध्यभागी चेन अर्धा इंच वरखाली हलते का ते पाहावे, क्रँक पूर्ण फिरवावा, नट आवळावेत, ब्रेक तपासावेत.

उतरवलेले गिअर, लिव्हर, तारा ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. त्या पिशवीत घालून परत द्याव्यात. त्याला नको असतील तर त्यांची किंमत धरून मजुरीत तेवढी सूट द्यावी. पाच मिनिटांच्या तपासणीनंतर सांगितलेला भाव बदलावा लागत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येते.