जहाजावरचा बाप : कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे स्मरण



आपल्या तेरखेड्यापासून समुद्र पुष्कळ लांब आहे. आपल्यातल्या कित्येकांनी तो अजून डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल. तरीही नाविकाच्या घरची एक गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. कर्ता माणूस घरासाठीच घरापासून लांब राहतो, ही ती गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारी जोडपी, फौजेत गेलेली मुले, रात्ररात्र ट्रक चालवणारे, फटाक्यांच्या दारूत हात घालून चार पैसे मिळवणारे, अशी माणसे आपल्या घराघरांत आहेत. ती सुखरूप परत येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो.

म्हणून आज एका नाविकाचे स्मरण करू या. तो नवरा होता, दोन मुलींचा बाप होता आणि आपल्या जहाजाचा कप्तानही होता. एका रात्री ही सगळी नाती एकाच वेळी त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने काय केले आणि त्यातून आपण काय शिकावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

नाविक कसा घडला

महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी उत्तर प्रदेशात गोरखपूर येथे झाला. घराण्यात वकिलीची परंपरा होती. त्यांनी मात्र नौदलाची वाट धरली. १ मे १९४८ रोजी ते नौदलात अधिकारी झाले, म्हणजे देश स्वतंत्र होऊन वर्षही पुरे झाले नव्हते. पुढची तेवीस वर्षे त्यांनी नौदलातच काढली. पत्नी सुधा आणि दोन मुली हे त्यांचे घर.

१९७१ साली ते ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेचे कप्तान होते. ब्रिटनमध्ये बांधलेली ही नौका १९५८ साली आपल्या नौदलात आली होती. पाणबुड्या शोधून त्यांचा नाश करणे हे तिचे काम. जहाजावर अडीचशेहून अधिक माणसे होती. त्यांच्या जेवणाखाण्यापासून जिवापर्यंत सगळ्याची जबाबदारी कप्तानाच्या शिरावर. ऊसतोडीच्या टोळीचा चांगला मुकादम जसा टोळीतल्या प्रत्येक खोपीची चिंता वाहतो, तसेच हे. फरक इतकाच की, समुद्रात रात्री दार ठोठवायला शेजारी नसतो.

९ डिसेंबरची रात्र

३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. दीवच्या जवळच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी असल्याचा सुगावा लागला. तिच्या शोधासाठी ‘खुकरी’ आणि तिची जोडीदार नौका ‘कृपाण’ यांना पाठवण्यात आले. ती पाणबुडी होती ‘हँगोर’. ती फ्रान्समध्ये बांधलेली होती आणि आपल्या जुन्या नौकांपेक्षा नवी होती. आपल्या नौकांना तिचा पत्ता लागण्याआधीच तिला त्यांचा पत्ता लागला.

९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या आतच तिच्या पाणतीराने ‘खुकरी’चा वेध घेतला. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, म्हणजे जवळपास ७५ किलोमीटरवर, जहाज बुडू लागले. हाताशी फार तर काही मिनिटे होती. खालच्या मजल्यांवर असलेल्या कित्येकांना वर यायलाही सवड मिळाली नाही.

वाचलेल्या माणसांनी पुढे जे सांगितले, त्यावरून त्या मिनिटांचे चित्र उभे राहते. कॅप्टन मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. जे पाण्यात उडी घ्यायला कचरत होते त्यांना पुढे ढकलले. आपले स्वतःचे जीवरक्षक जॅकेट त्यांनी एका खलाशाला दिले. ते स्वतः मात्र जहाजावरच राहिले आणि जहाजाबरोबर पाण्याखाली गेले. त्या वेळी ते ४५ वर्षांचे होते.

त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, असे एकूण १९४ जण गेले. ६७ जणांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून बाहेर काढण्यात आले. कॅप्टन मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

मग घराचे काय?

येथे एक प्रश्न मनात येतो आणि तो दडपून टाकू नये. घरी दोन मुली वाट पाहत असताना बापाने आपले जॅकेट दुसऱ्याला द्यावे का? घरच्यांचा हक्क आधी नव्हता का?

कप्तानाने जहाजाबरोबर बुडावे असा नियम कोठेही नाही. माणसे बाहेर पडेपर्यंत त्याने जागा सोडू नये, ही समुद्रावरची जुनी रीत आहे. त्या रात्री कित्येक माणसे अजून आत अडकलेली होती. ती आत असताना आपण बाहेर पडावे, हे त्यांना पटले नसावे, एवढे त्यांच्या वागण्यावरून दिसते.

शिवाय ज्याला जॅकेट मिळाले तोही कोणाचा तरी मुलगा होता. जहाजावरच्या प्रत्येक माणसामागे एक घर होते. जो आपल्या लेकरांवर खरी माया करतो त्याला दुसऱ्याच्या लेकराचीही किंमत कळते. घरात शिकलेली माया त्यांनी जहाजावर वापरली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आपल्या मेंढरांसाठी जीव देणाऱ्या मेंढपाळाची ओळख आपल्याला लहानपणापासून आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

पण या त्यागाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही. पत्नीने मोजली, मुलींनी मोजली, आणि त्या १९४ घरांतल्या प्रत्येकाने मोजली. वीराच्या तसबिरीला हार घालणे सोपे असते. त्याच्यामागे राहिलेल्यांनी पुढची वर्षे कशी काढली हे विचारणे अवघड असते. स्मरण पूर्ण व्हायचे असेल तर दोन्ही करायला हवे.

आठवण कशी जपली गेली

अठरा वर्षांनी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या युद्धनौकेला पुन्हा ‘खुकरी’ हेच नाव देण्यात आले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईत ती नौदलात दाखल झाली, तेव्हा संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासोबत श्रीमती सुधा मुल्लाही होत्या. ज्या नावाच्या जहाजाने आपला नवरा नेला, त्याच नावाचे जहाज पाण्यात जाताना त्या माउलीच्या मनात काय आले असेल, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

दीवच्या किनाऱ्यावर १९९९ साली स्मारक उभारले गेले. तेथे काचेच्या पेटीत ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवलेली आहे. दुसरी ‘खुकरी’ ३२ वर्षांच्या सेवेनंतर २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली आणि तीही दीवकडे सोपवण्यात आली. पहिली ‘खुकरी’ जेथून जवळ बुडाली, तेथेच दुसरी आता तिची आठवण सांगते.

आपण काय करावे

आपल्या भागाला १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट ठाऊक आहे. किल्लारीच्या भूकंपात घरेच्या घरे गेली. आकडा सर्वांना आठवतो, पण माणसे एकेक करून आठवावी लागतात. त्यासाठी स्मारक बांधण्याची ऐपत लागत नाही. पुढील गोष्टी कोणत्याही घराला जमतील :

१. आपल्या घरातल्या गेलेल्या कर्त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि काम एका वहीत लिहून ठेवा. ‘आबा फार चांगले होते’ एवढ्यावर थांबू नका. आबा काय काम करत, कोठे कोठे गेले, काय सोसले, कशाला हसत, हे लिहा.

२. ज्यांनी त्यांना पाहिले ती माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारा. ‘खुकरी’च्या शेवटच्या मिनिटांची हकिकत आपल्याला ठाऊक आहे, कारण वाचलेल्यांनी ती सांगितली आणि कोणीतरी ऐकून घेतली.

३. मृतांच्या नावाने मिस्सा मागताना त्यांच्या विधवा पत्नीची आणि मुलांची विचारपूसही करा. वर्षश्राद्धाला सगळे येतात; दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी दार ठोठावणारा शेजारी खरा.

४. जे आज घरापासून लांब कष्ट करत आहेत, त्यांच्याविषयी मुलांपाशी बोला. बाप पैसे पाठवतो एवढेच मुलांना कळून उपयोगाचे नाही. तो पैसा कसा मिळतो तेही त्यांना कळू द्या.

घरी चर्चेसाठी प्रश्न

– आपल्या घरासाठी कोणी कोणी लांब राहून कष्ट केले? त्यांची कोणती हकिकत मुलांना अजून सांगितलेली नाही?

– कामावर आपल्या हाताखाली जी माणसे असतात, त्यांच्या घरादाराचा विचार आपण करतो का?

– आपल्या धर्मग्रामात कर्ता माणूस गमावलेले कोणते घर आहे, जेथे आपण बरेच दिवस गेलो नाही?

या रविवारी मिस्सेनंतर त्या तिसऱ्या प्रश्नातल्या घरी जाऊन या. जाताना काही नेले नाही तरी चालेल. गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा आणि घरच्यांचे बोलणे निवांत ऐका.