आजीला साक्षीला उभं करू नको

बिरसी, जि. गोंदिया

चि. बाबूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

आपल्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत, म्हणून तुला रागावताना जीभ अडते. पण तुझ्या आईने फोनवर सांगितलं ते खरं असेल, तर आज रीत बाजूला ठेवतो. मंडईला आलास, रात्रभर दंडार पाहिलीस, आणि सकाळी पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात तुळशीला पाणी घालणाऱ्या आजीला म्हणालास, "देव आहे म्हणतेस ना, मग सिद्ध कर." पोरं हसली म्हणे. मी तेव्हा धानाच्या पुंजण्यांकडे होतो. आजीने यातलं एक अक्षर मला सांगितलेलं नाही, आणि तेच मला खातंय.

तू कायदा शिकतोस. मी गोंदियाच्या कोर्टात वकिलाकडे मुन्शीगिरी करून म्हातारा झालो, तेव्हा शाबितीचा भार मला समजावू नको. १८७२च्या कायद्यात ते कलम १०१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमात १०४ झालं. गाभा तोच. जो कोर्टाकडे आपल्या बाजूने निवाडा मागतो, त्याने आपलं म्हणणं शाबीत करायचं. आजीने कोणाकडे काय मागितलं? तुला उपास धर म्हणाली? वर्गणी मागितली? दावा तूच दाखल केलास, आणि साक्षीला तिला उभं केलंस.

देव आहे असं वादात मांडणाऱ्याने पुरावा द्यावा, हे मला मान्यच आहे. उदयनाचार्यांनाही मान्य होतं. हजारएक वर्षांपूर्वी त्यांनी 'न्यायकुसुमांजली' रचली ती ईश्वर सिद्ध करायलाच: कार्य आहे तर कर्ता असणार, जग हे कार्य, म्हणून त्याला कर्ता. मीमांसकांनी वेद प्रमाण मानूनही असा कर्ता मानला नाही. दोन्हीकडे तयारीचे पंडित होते, वादाला स्वतःहून बसलेले. आणि हेही ऐक. "मला पटत नाही" म्हणणाऱ्यावर भार येत नाही. "देव नाहीच" असं ठोकून सांगितलंस की तुझ्याही डोक्यावर येतो. तू त्या दिवशी दुसरं वाक्य बोललास, असं तुझी आई म्हणते.

पुरावा मागायची हौस असेल तर माणूस पाहून माग. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात श्याम मानवांनी बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना आव्हान दिलं, दिव्यशक्ती सिद्ध करा आणि तीस लाख घ्या. हजारोंच्या सभेत दुसऱ्याच्या मनातलं ओळखतो म्हणणाऱ्याला हे विचारणं रास्तच. दाभोलकर चमत्कार विकणाऱ्यांच्या मागे लागत, पण देव मानणाऱ्याशी आपलं भांडण नाही, असंही सांगत. त्यांच्याच व्यासपीठावर डॉ. लागू देवाला रिटायर करा म्हणत. दोघांचं पटत नसे ते लोकांसमोर बोलत, आणि मैत्री राहिली. २० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांना गोळ्या घातल्या, म्हणून तुझी आई घाबरते. मीही घाबरतो. पण सध्या माझा घोर आजीचा आहे.

तुला आठवणार नाही, तू लहान होतास. इंग्रजांनी महायुद्धात बांधलेली धावपट्टी वाढवायला घेतली, तेव्हा गावातली घरं नि शेतं गेली. आज तिथे शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात. राहतं घर आपलंच आहे हे दाखवायला आजी सातबारा आणि घरटॅक्सच्या पावत्या पिशवीत घालून किती उंबरे झिजवत होती! सिद्ध करा, सिद्ध करा. परके म्हणाले तेव्हा ती कडाकडा भांडली. तू म्हणालास तेव्हा गप्प बसली.

मीही तुझ्या वयात पानठेल्यावर देव नाही म्हणून टेबल आपटायचो. आणि घरी तुझी धाकटी मावशी तापाने फणफणली, मांत्रिक दिवसचे दिवस ओसरीवर बसून कोंबडं नि पैसे मागत राहिला, तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. बाबांचा धाक होता. जिथे विचारायला हवं होतं तिथे गप्प बसलो, आणि पुढे तिचा फोटोच राहिला. याविषयी आजी मला कधी काही बोलली नाही. तीही सिद्ध कर म्हणू शकली असती.

जास्त झालं. तू वाईट पोरगा नाहीस. वाचतोस, प्रश्न विचारतोस, याचा मला गर्वच आहे. तुझ्या बाबाला सांगू नको. वाद घालायचाच तर माझ्याशी घाल, मला निवृत्तीनंतर कोणी समोरचा वकीलच मिळत नाही.

आजीला या पत्राचं ठाऊक नाही. ती काल विचारत होती, बाबूला नागपूरच्या मेसचा भात मानवतो का. नवा तांदूळ भरडून आणलाय, गावातलं कोणी निघालं की पाठवतो. तिला एकदा फोन कर. माफी वगैरे नको, ती लाजेल. संध्याकाळी सातनंतर कर, त्या वेळी फोन तिच्याजवळ असतो आणि ऐकूही बरं येतं.

तुझा,
मामा