वणव्याआधीचा हिशेब

कोकणात बाग किंवा गावचे घर असणाऱ्यांनी दिवाळी झाली की एक खर्च वहीत मांडावा: वणव्याचा. वनखाते आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरत असले, तरी कातळावरचे गवत त्याच्या बरेच आधी वाळते. माणसे मिळतात ती नोव्हेंबर-डिसेंबरात. पुढे मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की गडी सांगेल तो दर.

खरा पैसा जातो तो बेणणीत. बागेच्या हद्दीला लागून आतल्या बाजूने साधारण पाच मीटर रुंदीची पट्टी साफ करायची, तीच जाळरेषा. एक एकर चौरस बागेभोवती ही पट्टी जवळपास १२ गुंठे भरते. ग्रासकटरवाल्याची मजुरी दिवसाला १२०० रुपये आणि काम दोन दिवसांचे धरा. कापलेले गवत ओढून बाजूला करायला आणखी दोन गडी, प्रत्येकी ६०० रुपये. एकूण ३६०० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या वाडीतले दर त्यात घाला. ठरवताना पेट्रोल कुणाचे आणि दोरी-पाते कुणाचे, हे आधी बोलून घ्या. पुढची भांडणे तिथूनच निघतात.

गवत ओढायचे दोन गडी वाचवू नका. कापून तिथेच टाकलेले गवत उभ्या गवताइतकेच पेटते, आणि पातेऱ्याचेही तेच. उताराच्या खालच्या बाजूला पट्टी जास्त रुंद ठेवा, कारण आग चढावर वेगाने धावते. चिऱ्याचा गडगा असेल आणि त्यावर वाळलेल्या वेली चढलेल्या नसतील, तर त्या बाजूचे काम कमी होते. पट्टीतले गवत जाळून टाकायचा मोह मात्र आवरा. त्याला दव असलेली सकाळ, हाताशी पाणी, चार जाणती माणसे आणि शेजाऱ्यांना व वनरक्षकाला दिलेली खबर, एवढे सगळे लागते. त्यापेक्षा गवत खड्ड्यात टाकून माती ओढणे स्वस्त.

आता हिशेबातली मोठी बचत. पाच एकरांचा एकच चौरस तुकडा घेतला, तर त्याभोवतीची पट्टी साधारण २७ गुंठे होते. पाच मालकांनी आपापल्या एकराभोवती वेगवेगळी काढली, तर मिळून ६० गुंठे. वरच्याच दराने सामायिक पट्टीचा खर्च सुमारे ८१०० रुपये, म्हणजे प्रत्येकी १६२०. एकट्याने काढलीत तर ३६००. हद्दीवरून बोलणे बंद असलेल्या भावकीला ही आकडेमोड दाखवून पाहावी. कुठल्याही ग्रासकटरच्या सवलतीपेक्षा ही सवलत मोठी. शिवाय मुंबईतल्या मालकाची न बेणलेली बाग मध्येच राहिली, तर आग तिथूनच आत येते. त्याच्याकडून मजुरी आगाऊ मागून घ्या.

घरासाठी खर्च जवळजवळ नाही, श्रम आहेत. घर बहुधा ज्वाळेने नव्हे, वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणग्यांनी पेटते. पन्हळीतला पाचोळा काढा. भिंतीपासून दीड मीटरच्या आत सरपण, ताडपत्री, नारळाच्या झावळ्या काही नको. गवताची उडवी गोठ्याला टेकून रचण्याची सोय महागात पडते. झरोक्यांना तीन मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी लावा. नायलॉनची मच्छरदाणीची जाळी वितळते.

साधनांत आधी पाणी पाहा. पंप विजेवर चालत असेल, तर आगीच्या वेळी वीज जाणारच असे धरून चला. उंचावरची हजार लिटरची टाकी साधारण पाच ते आठ हजारांत येते; तिच्या तोंडाशी पहिले दोन-तीन मीटर लोखंडी पाइप लावा, प्लॅस्टिकचा पाइप आधी जातो. ठिणग्या विझवायला पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप उत्तम. हातपंप साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो. तणनाशकाचा पंप नको. दुकानदार सहा किलोचे पावडरचे लाल सिलिंडर पुढे करील. आयएस १५६८३ चे चिन्ह पाहून स्वयंपाकघरासाठी एक घ्यायला हरकत नाही, पण ते अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामे होते. गवताच्या आगीपुढे त्याचा काय पाड!

फुकट मिळणारेही घ्या. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश भारतीय वन सर्वेक्षण नाव नोंदवलेल्या मोबाइलवर मोफत पाठवते. राज्याच्या वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, आणीबाणीसाठी ११२. बागेतून तारा जात असतील, तर तारांखालची झाडी छाटण्याचा अर्ज महावितरणकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ठिणगी तारेची होती असे पुढे म्हणायची वेळ आली, तर ती पोच कामी येते.

विम्याबाबत बरेच बागायतदार गैरसमजात असतात. आंबा-काजूचा हवामान आधारित फळपीक विमा अवकाळी पाऊस, तापमान अशा हवामानाच्या निकषांवर पैसे देतो; वणव्यात जळलेल्या कलमांची भरपाई त्यातून येत नाही. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात जंगलातल्या आगीचा समावेश आहे. ती राहत्या घराची व घरातल्या सामानाची. मांगर, गोठा आणि झाडे यांच्यासाठी वेगळे संरक्षण मिळते का, ते विमा कंपनीला लेखी विचारा. कलमांचे मोजून काढलेले, तारीख दिसणारे फोटो जानेवारीतच काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी जळालेल्या खुंटाचे वय कुणी सांगू शकत नाही.