गावाच्या नावातील स्मारक

स्मारक म्हटले की दगडी स्तंभ, त्यावर कोरलेली नावे आणि पंधरा ऑगस्टला वाहिलेली फुले आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या शेजारी असेही स्मारक आहे की, जे गावाच्या नावातच उभे आहे. मुलताईकडील डोंगरात उगम पावलेल्या वर्धा नदीच्या एका अंगास आष्टी, दुसऱ्या अंगास बेनोडा आणि पुढे अमरावतीकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव यावली. या तिन्ही गावांच्या नावांपुढे 'शहीद' हा शब्द लावतात. तो १९४२ च्या लढ्याने दिला. त्या वेळी आष्टी आणि पांढुर्णा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होती. राज्याची सीमा मधून गेली ती १९५६ साली.

आष्टीची हकीकत अशी. ९ ऑगस्ट १९४२ रोजी देशातील पुढारी पकडले गेले. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. सणाच्या त्या दिवशी आष्टीचे व आसपासच्या खेड्यांतील लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यास निघाले. गोळीबार झाला आणि माणसे पडली. त्यांत डॉ. गोविंद मालपे होते, पंचम गोंड होते, रशीदखाँ होते. नावे नुसती वाचली तरी गाव कसे एकत्र चालले होते ते कळते.

यांना सैनिक म्हणावे काय, असा प्रश्न वर्गात येतो. गणवेश नाही, पगार नाही, हाती बंदूक नाही. आम्ही त्याचे उत्तर शब्दातच शोधतो. 'शहीद' हा अरबी शब्द; त्याचे मूळ साक्ष देण्याच्या अर्थाचे आहे. प्राण देऊन जो साक्ष देतो तो शहीद. आम्ही घरी कोकणी बोलणारे. आमच्या मुलखात गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीस १९५५ च्या सत्याग्रहींचे जे स्मारक आहे, त्याला 'हुतात्मा स्मारक' म्हणतात. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पिलेले. एका शब्दात यज्ञ आहे, दुसऱ्यात न्यायासन. आम्हांस, खरे सांगावयाचे तर, दुसरा अधिक भावतो.

पण साक्ष द्यावयाची तर ती पुरी दिली पाहिजे. गोळीबाराने खवळलेल्या जमावाने ठाण्यातील अंमलदारास व शिपायांस ठार केले. तेही याच देशातील, पोटासाठी चाकरी करणारे. 'शहीद' या शब्दात त्यांना जागा नाही. धड्यातून मात्र त्यांना गाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. कित्येक पुस्तके हा भाग एका ओळीत उरकतात.

पुढे सरकारने धरपकड केली. त्याच दिवशी चिमूर येथेही असाच उठाव झाला होता. तेथे झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी दीर्घ उपोषण केले. खटले चालले आणि दोन्ही गावांतील अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्यात यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अपार खटपट केली. याच अनसूयाबाई स्वातंत्र्यानंतर नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या. चळवळ देशभर पोहोचली, अर्जांमागून अर्ज गेले, दिवस लांबत राहिले. अखेर १९४५ साली फाशीची वाट पाहत राहिलेल्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली, आणि स्वातंत्र्य जवळ येत असता ती माणसे जिवंत राहिली.