अलिबागला जाताना पिशव्या रिकाम्या न्या

अलिबागला एका दिवसाच्या खाण्या-खरेदीसाठी जायचं तर फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ निवडा. पांढरा कांदा नुकता निघालेला असतो, नवे कडवे वाल बाजारात येतात आणि ऊनही सोसवतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात मुंबईच्या गेटवेहून सुटणाऱ्या लाँचही थांबतात, त्यामुळे त्या दिवसांत हा बेत आखू नये.

गेटवेहून सकाळची पहिली लाँच पकडा. तासाभरात मांडवा येतं. बऱ्याच लाँचच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. मांडव्याला उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारून ठेवा.

आधी मासळी बाजार गाठा. सुकी मासळी घेताना घाई नको. सोडे हातात घेऊन बघा: मऊ, ओलसर लागले तर नीट वाळलेले नाहीत, घरी पोहोचून आठवड्यात बुरशी धरतील. जवळ्यात वाळू आहे का, ते तळहातावर चोळून कळतं. बोंबील कडक आणि स्वच्छ हवेत. सोडे महाग वाटतील, पण सोललेल्या कोलंबीचं वजन वाळल्यावर किती उरतं, ते ध्यानात घ्या आणि कोळणीशी फार ओढाताण करू नका. मासळी दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लाँचमध्ये शेजारी बसणाऱ्याचाही विचार हवा. घरी गेल्यावर एक ऊन दाखवा.

जेवायला खाणावळच बरी. जिताडा मिळाला तर तोच मागवा. खारेपाटातल्या या माशाचा मान रायगडात पापलेटापेक्षा कमी नाही. मात्र भाव आधी विचारा, कारण तुकड्याचे पैसे थाळीबाहेर लागतात. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मासे न खाणाऱ्यांनी वालाचं बिरडं आहे का ते विचारावं.

समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं; तो बघायचा असेल तर पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पण अष्टमीला भांग असतो, पाणी पूर्ण हटत नाही, घोडागाडी लागू शकते. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप आत जातं, पण संध्याकाळी, आणि तेव्हा तुम्हाला मांडवा गाठायचं असतं. वेळ जुळत नसेल तर किल्ला सोडून द्या. चढत्या पाण्यात कुणी उतरू नये.

कांदा शेवटी घ्या, माळ वजनदार असते. कार्ले, खंडाळे भागातल्या या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं नाव झाल्यापासून बाहेरचा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून खपवला जातो. म्हणून सुटा कांदा टाळा, पातीसकट विणलेली माळच घ्या, आणि शक्य तर शेतकरी बाईकडून. कोणत्या गावचा, कधी काढला, ते विचारा. पिकवणारी व्यक्ती याचं उत्तर सहज देते. एक कांदा कापून चाखा: अस्सल कांदा गोडसर असतो, झोंबत नाही. घरी माळ हवेशीर जागी टांगा.

शेवटची लाँच चुकलीच तर अलिबाग स्थानकातून पेणमार्गे पनवेलला जाणारी एसटी मिळते. पनवेलहून पुढे लोकल आहे.