भिंतीचा रंग आणि खोलीतला उजेड

दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाची चर्चा सुरू होते. कोणाला गडद निळा हवा असतो, कोणाला पांढरा. हा वाद बहुधा आवडीनिवडीवर मिटवला जातो. वस्तुतः त्याचा निकाल खोलीतल्या उजेडावरून लावावयास हवा.

भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी काही परत फेकते व उरलेला गिळते. चुन्याची ताजी सफेदी शंभरांपैकी सुमारे ८० भाग परत देते. गडद भिंत २० किंवा त्याहूनही कमी. परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर आदळून पुन्हा परततो. अशा दोन फेऱ्यांनंतर पांढऱ्या खोलीत शंभराचे ६४ उरतात, गडद खोलीत अवघे ४! कामरेजमध्ये एकमेकांना खेटून बांधलेल्या घरांत उजेड येतो तो पुढून नाहीतर मागून. मधल्या खोलीत पुस्तक घेऊन बसणाऱ्या मुलाला हे अंतर डोळ्यांनी भोगावे लागते, आणि वडिलांना विजेच्या बिलात. (सफेदीत चिमूटभर नीळ घालतात ती पिवळसर झाक लपविण्यासाठी, हात सैल सुटला की भिंतच निळी होते.)

गडद रंगाने खोली तापते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. ऊन प्रत्यक्ष जेथे पडते तेथे रंगाला महत्त्व. म्हणून गच्ची आणि पश्चिमेची बाहेरची भिंत पांढरी असावी. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम झाली, ती याच कारणाने.

आमच्या कोकणी मुलखात, पणजीच्या फोंताइन्हास भागात, घरे बाहेरून पिवळी, तांबडी, निळी असतात. खिडक्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याची वहिवाट होती, असे तेथे सांगतात. ती घरे रस्त्यावरून फार देखणी दिसतात. पण तो रंग येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावयाचा, त्याच्या उजेडात कोणाला वाचावयाचे नसते.

मग गडद रंग वर्ज्यच का? मुळीच नाही. निजावयाच्या खोलीत तो शांत वाटतो. पश्चिमेच्या खिडकीतून तिसऱ्या प्रहरी ऊन आत येत असेल, तर पांढरी भिंत डोळ्यांवर येते. तेथे फिकट हिरवा बरा. छत मात्र कोठेही पांढरेच ठेवावे.

दुकानातल्या बोटभर नमुन्यावर विसंबू नये. हातभर जागेवर रंग लावून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. सकाळचा सुरेख निळा पिवळ्या दिव्याखाली पुष्कळदा मळकट दिसतो.